आईला लाव्हा कोणी दाखवला

डोंगर फुटून आठवडा होऊन गेला होता आणि बुआ-ब्लां गावात आता कुणाला त्याचं फारसं अप्रूप उरलं नव्हतं. दोरीवरच्या कपड्यांत लाव्हातून उडून आलेले, काचेचे बारीक सोनेरी केस अडकायचे, ते झटकून मग कपडे आत आणायचे. पालेभाजी चांगली खळखळून धुवायची. वारा गावाकडे वळला की खिडक्या लावून घ्यायच्या. एवढंच. पण मग बातमी आली की लाव्हा उतारावरचं जंगल जाळत खाली आलाय आणि समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्याला लागलाय, तेव्हा मात्र बेटाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं गाड्या काढून इकडे लोटली. सरकारी माणसांनी रस्ता बंद केला, अलीकडे नाका उभा केला आणि लाव्हापासून बेताच्या अंतरावर, एका उंचवट्यावर, दोर बांधून लोकांना उभं राहायला जागा करून दिली. तिथून बघायचं आणि माघारी फिरायचं. दोराच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

झेलियानं आईला विचारलं होतं. डोंगर फुटला की दर वेळी विचारायचीच.

"आई, यायचंय का लाव्हा बघायला? गर्दी फार आहे म्हणतात. चालायला लागेल. तुझे गुडघे काही साथ द्यायचे नाहीत."

"नको गं," आई म्हणाली होती. "लाव्हा काय, आयुष्यभर बघितलाय."

झेलिया शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधायची. नवरा वारल्यावर ती आईकडे राहायला आली की आई तिच्याकडे, हे आता दोघींनाही नीटसं आठवत नव्हतं. आईच्या गोळ्या, आईचा डॉक्टर, रविवारी आईला चर्चला नेणं, नखं कापणं, पाठीला तेल चोळणं, सगळं तिच्याकडे. म्हातारी आंतोनीन, जिला अख्खं गाव मेमे म्हणजे आजी म्हणायचं, तिच्या हातच्या केवड्याच्या पानांच्या टोपल्या एके काळी बाजारात हातोहात खपायच्या. आता बोटं वळत नव्हती. पण जीभ शाबूत होती.

आणि मग फ्लोरीन आली.

फ्लोरीन धाकटी. तरुणपणीच फ्रान्सला गेली, लियोनला. तिथं स्वतःचं केस कापायचं दुकान, तिथलाच नवरा. तीन-चार वर्षांनी एकदा यायची, दोन आठवडे राहायची आणि घर ढवळून निघून जायची. ती यायच्या आधी आई खिडकीचे पडदे धुवायला लावायची. ती गेली की आई दोन दिवस धड जेवायची नाही. त्या दोन दिवसांत आईला पेज भरवायचं काम झेलियाचं.

या खेपेला येऊन दुसराच दिवस होता. सकाळी कॉफी पिता पिता फ्लोरीन म्हणाली, "आई, ऊठ, तयार हो. लाव्हा बघायला जाऊ."

झेलिया चुलीपाशी होती. तिनं वळूनही बघितलं नाही. आई काय म्हणणार ते तिला पाठ होतं.

"कुठला झगा घालू?" आई म्हणाली.

झेलियाच्या हातातला चमचा तव्यावर आपटला.

"काय गं?" फ्लोरीननं विचारलं.

"काही नाही. तिच्या गुडघ्यांचं काय करणार आहेस?"

"चाकांची खुर्ची मिळेल की कुठूनतरी. दवाखान्यात नसेल?"

"त्या नर्सबाई अशी कुणाला देत नाहीत."

फ्लोरीन गेली आणि तासाभरात खुर्ची घेऊन आली. वर नर्सबाईंनी खुर्चीवर टाकायला एक जाड चादरही दिली होती. झेलिया त्या बाईंना गेली कित्येक वर्षं ओळखत होती. त्यांच्या मुलाला तिनं शाळेत पोटभर वाढलं होतं. खुर्ची मागावी असं तिच्या कधी मनात आलं नाही, आणि आता त्याचाच तिला जास्त राग येत होता.

आईनं निळा झगा घातला. फ्लोरीननं मागच्या वर्षी पाठवलेला. त्याच कपाटात झेलियानं नाताळला घेतलेला राखाडी स्वेटर होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तो काढून झेलिया म्हणाली, "संध्याकाळी गार होईल, हा घाल." आई म्हणाली, "असू दे, निळ्यावर शोभत नाही." मग फ्लोरीननं आईचे पांढरे केस विंचरले, मागं वळवून एक चिमटा लावला आणि आरसा समोर धरला. आईनं मान इकडून तिकडून वळवली. झेलिया रोज सकाळी तेच केस विंचरायची. आईनं कधी आरसा मागितला नव्हता.

झेलियानं भात, चवळी, सॉसेजचा टोमॅटो घातलेला झणझणीत रस्सा असं सगळं भांड्यांत भरलं, लोणच्याची बरणी घेतली, पाणी घेतलं, आईच्या गोळ्या घेतल्या, औषधाचा फवारा घेतला, तो स्वेटरही टोपलीच्या तळाशी घातला आणि मागच्या सीटवर मांडीवर भांडं घेऊन बसली. आई पुढं, फ्लोरीनच्या शेजारी. सगळी वाट आईचा हात फ्लोरीनच्या मांडीवर होता.

रस्त्यावर गाड्यांची ही रांग. दोन्ही कडेला माणसांनी चटया अंथरल्या होत्या, चुली मांडल्या होत्या, कुणी पत्ते खेळत होतं, एक जण गाडीच्या मागच्या फळीवर समोसे तळून विकत होता. सणच म्हणा. त्यांनीही एका फणसाखाली चटई टाकली आणि झेलियानं वाढलं.

आईनं दोन घास खाल्ले. "मीठ जरा पुढं गेलंय."

"रोजच्याइतकंच आहे."

"आणि तिखट बघ किती. फ्लोरीनला आता सवय असेल का गं याची? तिच्यासाठी वेगळं काढायचंस."

"आई, मस्त झालंय," फ्लोरीन नाक पुसत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "असा रस्सा मला तिकडे कोण घालतंय?"

"ऐकलंस?" आई झेलियाला म्हणाली. "एवढ्या लांबून येते पण कशाला नावं ठेवत नाही."

झेलियानं आईच्या ताटातले सॉसेजचे तुकडे बारीक केले, जशी रोज तिचं सगळं बारीक करून द्यायची.

जेवण आटोपून त्या नाक्याकडे निघाल्या. फ्लोरीन खुर्ची ढकलत होती आणि खड्डा आला की "ओय ओय" म्हणत आईला हसवत होती. झेलिया टोपली घेऊन मागं. येणारेजाणारे वळून बघत होते. दोन-तीन गावकऱ्यांनी हाक मारली, "मेमे! आज स्वारी कुठं?"

"माझी लेक आलीय लियोनहून," आई प्रत्येकाला सांगत होती. "ती नेतेय मला."

तिसऱ्यांदा ते वाक्य ऐकलं आणि झेलियाच्या छातीत काहीतरी आवळून आलं. आपण कोण मग? टोपली उचलणारी बाई?

नाक्यावर इदेरिक होता. गावातलाच, चाळिशीतला गडी, आपत्तीच्या वेळी मदतीला जाणाऱ्या पथकात होता. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. तो प्रत्येकाला थांबवून तेच विचारत होता. दमा आहे का? हृदयाचं काही? पोटात बाळ आहे का? जंगल जळतंय, धुरात विषारी वायू आहे. ज्याला श्वासाचा त्रास त्याला पुढं सोडता येत नाही, नंतर कुणी भांडायला येऊ नका.

"मेमेला काही त्रास?" त्यानं फ्लोरीनला विचारलं.

"काही नाही. गुडघे सोडले तर ठणठणीत."

"मग चला. तोंडाला हे बांधा."

फ्लोरीननं खुर्ची पुढं घेतली. आई मास्क बांधून घेताना लहान मुलीसारखी हनुवटी वर करून बसली होती. झेलिया मागं राहिली होती, टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेत. इदेरिक तिच्याकडे बघून हसला.

"काय तांतीन, बरं आहे ना?" गावातली तिच्याहून धाकटी माणसं तिला असंच, मावशी म्हणायची.

तिनं मनात काही ठरवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. शब्दच तोंडातून बाहेर पडले.

"तुला म्हणून सांगते, इदेरिक. आईला रात्री श्वास लागतो. परवा तर खिडकीशी बसून रात्र काढली तिनं. फ्लोरीनला काय माहीत? ती काल आलीय."

इदेरिकचा चेहरा बदलला. "असं? बरं झालं सांगितलंत."

खरं काय होतं? मागच्या हिवाळ्यात आईला खोकला झाला होता. एक रात्र ती उठून बसली होती. डॉक्टरनं फवारा दिला, तो दोनदा वापरला आणि मग घरी पडून राहिला. परवाची रात्र वगैरे काही नव्हती. परवा आई फ्लोरीन येणार म्हणून जागी होती.

इदेरिक लगबगीनं पुढं गेला आणि खुर्चीसमोर वाकला. "मेमे, माफ करा. तुम्हाला नाही सोडता येणार. श्वासाचा त्रास असेल तर नियम आहे."

"कुणाला श्वासाचा त्रास?" फ्लोरीन म्हणाली.

"ताई, माझ्याशी वाद घालू नका. उद्या काही झालं तर मी तोंड दाखवू शकणार नाही गावात."

फ्लोरीननं झेलियाकडे बघितलं. झेलिया टोपलीवरचं फडकं सारखं करत होती.

आईनं मास्क सोडला, त्याची घडी घातली, निळ्या झग्याची गुडघ्यावरची चुणी हातानं सपाट केली. "बरं," ती म्हणाली. एवढंच. मग फ्लोरीनला म्हणाली, "तू जा. एवढी आलीयस तर बघून ये. मी बसते झेलियापाशी."

"मी नाही जात एकटी."

"जा म्हणते ना. मला येऊन सांग."

फ्लोरीन गेली. झेलियानं खुर्ची वळवून रस्त्याच्या कडेला, एका दगडाच्या आडोशाला लावली आणि शेजारी बसली. तिथून लाव्हा दिसत नव्हता. झाडांच्या वर फक्त धुराचा करडा लोट दिसत होता, आणि ऊन उतरू लागलं तसा त्याच्या पोटात तांबूस रंग भरत होता.

आता आई तिची एकटीची होती. सकाळपासून हेच तर हवं होतं. तिनं आईला पाणी दिलं, गोळी दिली, चादर पायांवर ओढली.

"आई, एवढं काय त्यात बघण्यासारखं? तूच म्हणतेस, आयुष्यभर बघितलाय."

आई धुराकडे बघत होती. "बघितलाय म्हणजे काय, पाठीवर घेतलाय," ती म्हणाली. "माझं लग्न व्हायच्या आधी आमच्या शेतात आला होता. बाबांनी डुकरं सोडली, आईनं धाकट्याला काखेत मारलं आणि आम्ही पळालो. मागं बघू नका म्हणत होते सगळे. त्यानंतर दोनदा आला, दोन्ही वेळा पळालेच. समोरून मी त्याला कधी बघितलंच नाही. म्हटलं आता सरकारनं दोर लावलाय, बसायला खुर्ची आहे, पळायचं काही कारण नाही. निवांत बघू, कसा दिसतो मेला."

झेलियाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात, आणि हे माहीत नव्हतं.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"दर वेळी विचारते, आई!"

"तू विचारतेस गुडघ्यांचं," आई म्हणाली. "तू विचारतेस आणि माझ्या वतीनं नाहीही तूच म्हणतेस. गर्दी आहे, चालायला लागेल, गार आहे. मग मी काय म्हणू? तू दिवसभर राबून आलेली असतेस. म्हणते नको." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "फ्लोरीननं काही अंगावर घेतलं नाही गं. समुद्रावरून वारा सुटलाय. तिला लगेच सर्दी होते. तुझ्या टोपलीत तो राखाडी स्वेटर आहे ना? नेऊन दे तिला."

झेलियानं टोपलीच्या तळातून स्वेटर काढला. नाताळपासून घडी न मोडलेला स्वेटर. तो आता फ्लोरीनच्या अंगावर जाणार होता, आणि नेऊन तीच देणार होती. समोसेवाल्याच्या बायकोला आईजवळ थांबायला सांगून ती नाक्यातून आत शिरली.

बंद रस्त्यावरून माणसं हळूहळू चालली होती. वळण घेतल्यावर आधी आवाज आला. तिला वाटलं होतं गडगडाट असेल. तसं नव्हतं. कुणीतरी लांब कुठंतरी चिनी मातीच्या बशा एकेक करून फोडत असावं, तसा किणकिणाट होता. मग उंचवटा, दोर, दोरापाशी दाटलेली माणसं, आणि त्यांच्या खांद्यांवरून तो दिसला.

काळा होता. हे तिला ठाऊक होतं, तरी दर वेळी विसरायला व्हायचं. काळी, फुटकी साय, आणि तिच्या भेगांतून आतली आग. एवढा मोठा ढीग, पण चालायचा किती सावकाश. एखादी गाभण गाय चालावी तसा. कडेचं एक रानपेरूचं झाड अजून त्याला शिवलंही नव्हतं तोच पानं आक्रसली, पेटली, आणि मग खोड अलगद आडवं झालं. जिथं डांबर होतं तिथून काळा धूर उठत होता. वारा समुद्राकडे वळला होता, धूर सगळा तिकडेच जात होता, पण ऊब चेहऱ्यावर येत होती, भट्टीचं दार उघडल्यासारखी.

फ्लोरीन दोराच्या टोकाला एकटी उभी होती. झेलियानं स्वेटर पुढं केला. "आईनं पाठवलाय."

फ्लोरीननं तो घेतला नाही.

"मी येताना नाक्यावर इदेरिकला विचारून आले," ती म्हणाली. आवाज खाली होता, आजूबाजूला माणसं होती. "तो म्हणाला, तांतीननंच सांगितलं. परवाची रात्र खिडकीशी. झेलिया, परवा रात्री मी विमानतळावरून फोन केला होता. आई माझ्याशी बोलत होती. हसत होती."

झेलिया लाव्हाकडे बघत राहिली.

"तिनं माझ्याबरोबर बघण्यापेक्षा मुळीच न बघितलेलं तुला चाललं. हेच ना?"

"हो," झेलिया म्हणाली.

फ्लोरीननं बहुतेक नकाराची तयारी ठेवली होती.

"हो," झेलिया पुन्हा म्हणाली, आणि आता ती थांबली नाही. "तू येतेस चार दिवस. पाहुणीसारखी. ती तुझ्यासाठी पडदे धुवायला लावते, ते धुते मी. तू गेलीस की रडते, तिला भरवते मी. तू ऊठ म्हणालीस की ती उठते. मी कितीदा म्हणाले, एकदा तरी उठली का? तुझ्या झग्यावर माझा स्वेटर शोभत नाही म्हणे! हा घे. आता तूच घाल."

"तू मला कधी सांगितलंस का हे?"

"सांगायला तू असतेस कुठं?"

शेजारचा एक म्हातारा गृहस्थ फोटो काढायचं सोडून त्यांच्याकडे बघू लागला होता. फ्लोरीननं त्याला हातानंच "बघा, बघा, तिकडे बघा" अशी खूण केली. मग तिनं स्वेटर घेतला आणि अंगात घातला. बाह्या आखूड पडल्या.

"मला वाईट बोलायचं असेल तर बोल," ती म्हणाली. "पण आई तिकडे दगडापाशी बसलीय, झेलिया. आणि हे इथं आहे."

झेलियानं नाक पुसलं. आणखी एक झाड पेटलं. मग ती वळली आणि भराभर नाक्याकडे चालू लागली, इतकी भराभर की फ्लोरीनला मागं पळावं लागलं.

इदेरिकला गाठून तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मी तुला खोटं सांगितलं. आईला परवा काही झालं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात खोकला झाला होता, बस."

इदेरिकनं हेल्मेट काढून डोकं खाजवलं. तो चिडला होता आणि चिडायचा त्याला हक्कही होता. "तांतीन, मघाशी एक सांगता, आता दुसरं. मी विश्वास कशावर ठेवू? माझ्यावर आहे ना इथली जबाबदारी."

"माझ्यावर ठेवू नकोस. डॉक्टर असेल ना तुमचा, त्याला दाखव."

मदतीच्या तंबूत एक डॉक्टरीण होती. तिनं आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती तपासली, पाठ तपासली, खोल श्वास घ्यायला लावला. आई आळीपाळीनं दोघी लेकींकडे बघत होती. तिला काय कळलं, किती कळलं, चेहऱ्यावरून काही लागत नव्हतं.

"वारा समुद्राकडे आहे तोवर हरकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मास्क काढायचा नाही, फवारा हातात ठेवायचा, आणि जास्त वेळ थांबायचं नाही. वारा फिरला तर शिट्टी वाजेल, त्याच क्षणी मागं यायचं."

"मी सोबत येतो," इदेरिक म्हणाला. अजून गाल फुगलेलेच होते.

फ्लोरीननं खुर्चीच्या दांड्याला हात घातला. मग तो काढून घेतला आणि बाजूला झाली. झेलियानं खुर्ची ढकलायला घेतली. मदतीला कुणी लागत नव्हतं. आई केवढीशी होती.

वाटेत आई हळूच म्हणाली, "तू सांगितलं होतंस त्याला?"

"हो, आई."

"मला वाटलंच." चाकं थोडा वेळ नुसती कुरकुरत राहिली. "तू लहान होतीस ना, फ्लोरीन जन्मली तेव्हा तू तिला टोपलीत घालून शेजारणीच्या दारात ठेवून आली होतीस. केवड्याच्या नव्या टोपलीत. मी एवढी हसले होते. तुझ्या बाबांनी तुला मारलं, मी नाही मारलं."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं ना," आई म्हणाली.

उंचवट्यावर लोकांनी म्हातारीसाठी वाट करून दिली. इदेरिकनं खुर्ची दोरापासून चार हात अलीकडे थांबवली आणि चाकांना दगड लावले. दिवस मावळत आला होता, आणि मघाशी जे काळं दिसत होतं त्यातली आग आता वर आली होती. सगळा उतार भेगाभेगांतून लाल होता. एका जागी साय फुटली आणि आतून घट्ट, पिवळट, पाकासारखी जीभ बाहेर आली, रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर पसरली आणि बघता बघता करडी पडली.

आई पुढं झुकून बघत होती. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, मास्कच्या वर फक्त डोळे.

"एवढाच?" ती म्हणाली शेवटी.

"एवढाच म्हणजे काय, आई!" फ्लोरीन म्हणाली.

"एवढा हळू चालतो? आणि आम्ही कसले पळालो होतो गं! माझी एक चप्पल राहिली तिथं. नवी होती." ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले, मग पुन्हा बघायला लागली. "पण आहे हां देखणा. मेला, देखणा आहे."

तिनं हात मागं केला. तो हात कुणासाठी होता हे झेलियाला समजेना. फ्लोरीन जवळ होती, तिनं तो धरला. झेलियाच्या छातीत पुन्हा तेच आवळून आलं. मघाचं सगळं बोलून झालं होतं, रडून झालं होतं, तरी आलंच. तिनं ते येऊ दिलं. बाजूला सरकून तिनं खिशातून फोन काढला आणि दोघींचा फोटो घेतला, पाठीमागे लाल उतार. मग आणखी एक, आई हसताना.

शिट्टी काही वाजली नाही. इदेरिकनंच थोड्या वेळानं "चला मेमे, आता पुरे" म्हटलं, आणि आईनं जाताना त्याच्या गालाला हात लावला, तेव्हा त्याचा रुसवा गेला.

फ्लोरीन पुढच्या आठवड्यात परत गेली. विमानतळावर ती म्हणाली, "यापुढे काही असलं की मला तोंडावर सांग. फोनवर सांग. शिव्या दे."

"फोनवर शिव्या द्यायला मजा नाही येत," झेलिया म्हणाली.

"मग ये तिकडे. आईला मी बघते महिनाभर. तेवढं तर येतं मला."

झेलियानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फ्लोरीननं राखाडी स्वेटर घातला होता, आखूड बाह्यांसकट, आणि तो ती घेऊन गेली. या खेपेला आई एकच दिवस जेवली नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर बारीक पाऊस आला. आई पायरीशी थांबून शेजारच्या सेलिनाबाईंशी बोलत होती आणि झेलिया तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.

"आमची फ्लोरीन आली ना," आई सांगत होती, "ती मला लाव्हा बघायला घेऊन गेली. अगदी जवळ. खुर्चीत बसून बघितला मी."

"खुर्ची कुणी ढकलली ते विचारा तिला," झेलिया म्हणाली.

"कोण ढकलणार? हिनंच," आई म्हणाली. "फ्लोरीनच्या हातात दिली तर ती मला खड्ड्यात घालेल. तर काय सांगत होते, फ्लोरीन मला सकाळी म्हणाली, ऊठ..."

सेलिनाबाई झेलियाकडे बघून हसल्या. झेलियाला हसू आलं नाही. तिनं छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि आईच्या खांद्यावर पाऊस येत होता म्हणून जरा तिच्याकडे कलती केली. मग मोकळ्या हातानं फोन काढला.

"हे बघा," ती सेलिनाबाईंना म्हणाली. "ही आई. मी काढलाय."